कंत्राटदाराला हवाय एक दिवाणजी

लोणावळ्याला वीकेंडला जाणाऱ्या आपल्यातल्या बहुतेकांसाठी कुसगाव म्हणजे एक्सप्रेसवेवरून खाली उतरायची जागा. फार तर सिंहगड इन्स्टिट्यूटची पाटी आठवते, बस. पण बांधकामाच्या धंद्यात नक्की काय दुखतंय हे बघायचं असेल तर कुसगावसारखं सोयीचं गाव नाही. कारण एकाच डोंगराच्या पायथ्याशी इथे दोन अगदी वेगळ्या जातीची बांधकामं बघायला मिळतात.

पहिलं सगळ्यांना माहीत असलेलं. एक्सप्रेसवेची मिसिंग लिंक. खोपोलीपासून कुसगावपर्यंत १३.३ किलोमीटर, म्हणजे आधीच्या १९ किलोमीटरच्या घाटाला पर्याय. दोन बोगदे, त्यातला मोठा जवळपास ९ किलोमीटरचा आणि चक्क लोणावळ्याच्या तलावाखालून जाणारा, शिवाय दरीवरचा केबल-स्टेड पूल. एमएसआरडीसीचा प्रकल्प, बोगदे नवयुगाकडे, पूल ॲफकॉन्सकडे. २०१९ मध्ये काम सुरू झालं. मग २०२४ ची मुदत गेली, २०२५ चीही गेली. वारा, पाऊस, दरी, कोविड... कारणं खोटी नव्हती. तिथे काम करणं म्हणजे खायचं काम नाही.

दुसरं बांधकाम रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, आतल्या गल्ल्यांमध्ये. मुंबई-पुण्याच्या लोकांची सेकंड होम्स. बंगले, रो-हाउस, दहा-बारा फ्लॅटची एखादी इमारत. ही बांधतो कोण? एक कंत्राटदार, त्याची जुनी बोलेरो, वीस-पंचवीस माणसं, खिशात एक वही आणि व्हॉट्सॲपवर सतरा ग्रुप. तिथेही मुदती जातात, त्याच वाऱ्या-पावसाने जातात.

आता फरक बघा. मोठ्या कंपनीचं काम उशिरा झालं तरी तिच्याकडे त्या उशिराचाही हिशोब असतो. कुठल्या दिवशी किती पाऊस होता, जागा कधी ताब्यात मिळाली, ड्रॉइंग कधी बदललं, हे सगळं तारीखवार लिहिलेलं असतं. त्यावर मुदतवाढ मागता येते, भाववाढ मागता येते, नाहीच जमलं तर लवादात जाता येतं. त्यासाठी वेगळे विभाग असतात, वकील असतात. छोट्या कंत्राटदाराचा उशीर मात्र त्याच्या एकट्याच्या अंगावर पडतो, कारण तो कशामुळे झाला याचा एकही कागद त्याच्याकडे नसतो.

माझ्या मते बांधकामवाल्यांवरचा जो दबाव म्हणतात त्याचं मूळ इथे आहे. आणि एआयचा खरा उपयोग, असलाच तर, इथेच आहे. ड्रोन, रोबोट आणि डिजिटल ट्विनच्या चकचकीत प्रेझेंटेशनमध्ये नाही.

आधी पैशाचं गणित सांगतो, कारण आपल्यासारख्या महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होणाऱ्यांना ते चटकन कळत नाही. समजा साइटवर २० माणसं आहेत. गवंडी, सेंट्रिंगवाले, फिटर, बिगारी सगळे मिळून सरासरी ८०० रुपये रोज धरा. सहा दिवसांचे झाले ९६,००० रुपये. ही रक्कम दर आठवड्याला रोख लागते, कारण मजूर खर्चीसाठी थांबू शकत नाही आणि थांबवूही नये. बिल निघून पैसे हातात यायला आठ आठवडे लागले तर फक्त मजुरीचे ७ लाख ६८ हजार कंत्राटदाराने आपल्या खिशातून घातलेले असतात. हे पैसे शेकडा दोनने उचलले असतील तर महिन्याचं व्याज १५ हजारांच्या वर. सिमेंट-सळईवाल्याची उधारी वेगळी. त्यात बिलातून रिटेन्शन कापलं जातं, ते कधी परत मिळेल याची खात्री नाही. शिवाय बिल फाडलं की १८ टक्के जीएसटी पुढच्या महिन्यात भरायचा, मग समोरच्याने पैसे दिलेले असोत वा नसोत. त्यामुळे गंमत अशी होते की पैशाची सगळ्यात जास्त गरज असलेला माणूसच बिल करायला घाबरतो!

थोडक्यात, बँकेचं लायसन्स नसलेली ती एक बँक आहे. कर्ज घेणारे सगळे तिच्यापेक्षा श्रीमंत.

हा दबाव किती टोकाला जातो हे जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राने पाहिलं. सांगली जिल्ह्यातल्या एका तरुण कंत्राटदाराने जीव दिला. जलजीवन मिशनच्या कामाचे सुमारे १ कोटी ४० लाख रुपये अडकल्याच्या बातम्या आल्या. त्यावर सरकारी बाजूने जे उत्तर आलं ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. त्याच्या नावावर काम नव्हतं, त्याने उपकंत्राटदार म्हणून काम केलेलं असू शकेल, असा त्या उत्तराचा अर्थ होता. म्हणजे पाइप जमिनीत आहेत, पण ते टाकणारा माणूस कागदावर कुठेच नाही. त्याच वर्षी कंत्राटदारांच्या संघटना राज्यभरात ८९ हजार कोटी थकल्याचा दावा करत होत्या. आकडा कुणाला कमी-जास्त वाटो, पण त्या आकड्याच्या खाली असे किती बिननावाचे उपकंत्राटदार आहेत हे कुठल्याही यादीत सापडणार नाही.

मग सिस्टिम्स नाहीत का? आहेत की, ढिगाने आहेत. फक्त त्या सगळ्या वरून खाली बघतात. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जून २०२१ पासून कामांचं दर महिन्याला ड्रोनने चित्रीकरण सक्तीचं केलं. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांचे दिवसातून दोनदा जागेच्या नोंदीसह फोटो सक्तीचे झाले. काय झालं पुढे? जुलै २०२५ मध्ये केंद्राच्याच ग्रामविकास मंत्रालयाला पत्र काढून सांगावं लागलं की भलतेच फोटो चढवले जातायत, फोटोचे फोटो काढले जातायत. (यात आश्चर्य काय? ज्या यंत्रातून आपल्याला फक्त संशय मिळतो त्याला लोक फसवतातच.) आणि आपल्या एक्सप्रेसवेवर जुलै २०२४ पासून कॅमेरे वेग, लेन आणि सीटबेल्ट बघून आपोआप चलन पाठवतात. म्हणजे खडीच्या ट्रकला दंड करायला एआय घाटात पोचलं, पण त्याच खडीचं बिल वेळेवर निघावं म्हणून काही करायला ते अजून कुणाला सुचलेलं नाही.

खासगी कामांवरही तेच. आज बांधकामाची जी सॉफ्टवेअर विकली जातात त्यांचा ग्राहक असतो डेव्हलपर किंवा मुख्य कंत्राटदार. खालच्याने रोज फोटो टाकायचे, हजेरी टाकायची, प्रगतीचे टक्के भरायचे. बदल्यात त्याला मिळतं काय? बिलासमोर तेच ‘प्रोसेसमध्ये आहे’. कुसगाव भागात कामं घेणारे एक कंत्राटदार माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना मी अशा ॲपबद्दल विचारलं तर एका वाक्यात निकाल लावला: “ते वरच्यांचं ॲप आहे भाऊ, आमचं फक्त त्यात काम आहे.”

त्यांना नक्की काय कमी पडतंय? इंजिनिअर नाही. काम त्यांना आपल्यापेक्षा छान कळतं. कमी पडतो तो दिवाणजी. जुन्या पेढीवर असायचा ना, शेठजी सौद्यात दंग असताना कोपऱ्यात बसून खतावणी लिहिणारा, ‘शेठ, अमक्याचे पैसे यायचेत’ अशी आठवण करून देणारा. तसा माणूस वीस मजुरांच्या कंत्राटदाराला परवडत नाही. दिवसभर साइट, रात्री नऊला घरी, मग वहीत काय लिहिणार?

आणि नेमकं हेच कारकुनी काम आजच्या एआयला बऱ्यापैकी जमतं. त्याला स्लॅब डिझाइन करायला सांगू नका. त्याला व्हॉइस मेसेज ऐकायला सांगा, चलनाचा मळका फोटो वाचायला सांगा, त्यातून तारीख-माल-माप वेगळं काढून वहीत लिहायला सांगा. संध्याकाळी चार ओळींत दाखव म्हणावं: आज इतकी माणसं होती, इतकी पोती आली, दुपारी दोन तास पाऊस, प्लंबर आला नाही म्हणून अमुक काम अडलं. महिनाअखेर त्याच नोंदींतून मोजमाप आणि बिलाचा कच्चा मसुदा. आठ आठवडे थांबायचे त्यातले दोन जर नुसते बिल तयार व्हायला जात असतील तर तेवढे तरी वाचले. वरच्या हिशोबात दोन आठवडे म्हणजे १ लाख ९२ हजार रुपये कमी अडकले!

पण सगळ्यात मोठा फायदा जादा कामात आहे. बंगल्याच्या धंद्यात भांडणं मूळ दरावरून क्वचितच होतात, ती होतात जादा कामावरून. रविवारी मालक सहकुटुंब साइटवर येतात. “हा दरवाजा जरा इकडे घेऊ या”, “इथे एक छोटीशी बाल्कनी दिली तर?” कंत्राटदार मान हलवतो, कारण नाही म्हणायची सोय नसते. सहा महिन्यांनी तो त्याचे पैसे मागतो तेव्हा मालकाला दरवाजा आठवतो, बोलणं आठवत नाही. इथे दिवाणजीने एवढंच करायचं: त्याच संध्याकाळी कंत्राटदाराच्या दोन वाक्यांच्या व्हॉइस मेसेजवरून एक नम्र निरोप तयार करायचा. ‘साहेब, आज आपण सांगितल्याप्रमाणे दरवाजा हलवतोय. अंदाजे जादा खर्च इतका, दिवस दोन जास्त. ठीक असेल तर कळवावे.’ कंत्राटदाराने वाचून पाठवायचा. बस्स. यात कुठलंही रॉकेट सायन्स नाही, पण हा एक निरोप त्याला शेवटच्या हप्त्याच्या वेळी होणाऱ्या भांडणातून वाचवू शकतो.

मी दोन वीकेंड त्या ओळखीच्या कंत्राटदारांच्या जुन्या व्हॉइस मेसेजवर हा प्रयोग करून पाहिला. मराठी आता बरीच कळते या यंत्रांना (भाषिणीसारख्या सरकारी प्रकल्पापासून आयआयटी मद्रासच्या एआय-फॉर-भारतपर्यंत त्यावर बरंच काम झालंय). पण साइटवरची मराठी हे वेगळं प्रकरण आहे. ‘चार सूत’चं ‘चार सूट’ झालं. आता चार सूत म्हणजे अर्धा इंच, व्यवहारात १२ मिलिमीटरची सळई, हे कुठल्याही फिटरला झोपेत विचारा. ‘पावणेदोन ब्रास’, ‘अडीच’, ‘सव्वातीन’ हे आपले अपूर्णांक, आणि आपले ते अफाट आकडे... बासष्ट आणि बाहत्तर, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी. पाठीमागे मिक्सर चालू असताना माणसाचीही चूक होते तिथे. आणि दहा पोत्यांचा फरक म्हणजे नुसती टायपो नाही, ते कुणाचे तरी पैसे आहेत.

म्हणून माझा आग्रह असा की ज्या आकड्याचा पैशाशी संबंध आहे तो एआयने कधीही परस्पर वहीत टाकू नये. आकड्यात लिहून दाखवावा, ‘७२ पोती, बरोबर?’ असं विचारावं, आणि माणसाने हो म्हटल्यावरच नोंद व्हावी. पडताळणी मात्र साध्या कोडने करावी, त्याला एआय लागतच नाही. सळईचं वजन म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले १६२, १२ मिलिमीटरला मीटरमागे ०.८९ किलो. १०० चौरस मीटरचा पाच इंची स्लॅब म्हणजे साधारण साडेबारा घनमीटर काँक्रीट, एम-२० ला घनमीटरमागे आठेक पोती धरली तर शंभर पोती. वहीत एकशे तीस आली तर विचारा, बाबा कुठे गेली? ऐकायचं काम एआयचं, हिशोब गणिताचा, शब्द माणसाचा. या तिघांची सरमिसळ केली की गोंधळ झालाच म्हणून समजा.

आपल्या क्षेत्राला एक खोड आहे, सगळा धंदाच नव्याने शोधून काढायची. अमेरिकेतली कटेरा आठवते? २०१५ ची कंपनी, सॉफ्टबँकसकट गुंतवणूकदारांचे जवळपास दोन अब्ज डॉलर, डिझाइनपासून कारखान्यापर्यंत सगळं आम्हीच करू आणि बांधकामाची टेक कंपनी करून दाखवू म्हणत होते. जून २०२१ मध्ये दिवाळखोरी. कुसगावच्या गल्लीत त्यापेक्षा कमी हुशारीचं काहीतरी चालेल.

आता कुणी म्हणेल, नोंदी ठेवल्या म्हणून पैसे मिळतात का? एकट्या नोंदींनी नाही मिळत, हे खरंय. २०१८ च्या जानेवारीत ब्रिटनमधली कॅरिलियन कोसळली तेव्हा सुमारे ३० हजार पुरवठादारांचे पैसे अडकले, आणि तिथे कागद काय कमी होते? नोंदीच्या मागे कायदा लागतो. ब्रिटनच्याच १९९६ च्या कायद्याने ‘वरून आले की देतो’ ही अट जवळपास मोडीत काढली आणि वाद झाल्यास साधारण २८ दिवसांत तात्पुरता पण बंधनकारक निवाडा मिळायची सोय केली. सिंगापूरने २००४ मध्ये असाच कायदा केला. आधी पैसे द्या, उरलेलं भांडण सावकाश भांडा.

आपल्याकडे २००६ च्या एमएसएमई कायद्यात ४५ दिवसांची मर्यादा आहे, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पाने आयकर कायद्यातही ४३बी(एच) आणून लहानांचे पैसे वेळेत न देणाऱ्याची वजावट अडवली. कागदावर झकास. पण मुंबई उच्च न्यायालयाने काही निकालांत म्हटलंय की वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे माल आणि मजुरी एकत्र असलेलं काम, या एमएसएमई कायद्यात बसत नाही. म्हणजे खिळे विकणाऱ्याला ४५ दिवस, आणि ते खिळे ठोकून सेंट्रिंग करणाऱ्याला देवाची मर्जी. रेराने घर घेणाऱ्याला आधार दिला, ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवायला लावले, पण त्या खात्यातून उपकंत्राटदाराला कधी द्यायचं यावर ते गप्प. त्यामुळे नुसत्या ॲपने हा प्रश्न सुटेल असं जो सांगेल त्याला मी तरी दारात उभा करणार नाही. बांधकामाच्या बिलांसाठी वेगळा, जलद निवाड्याचा कायदा हवाच. फक्त तो आला तरी त्याच्यासमोर ठेवायला काहीतरी लागेल. आजही व्हॉट्सॲपचे मेसेज कोर्टात न्यायचे तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. फुटलेल्या फोनमधून उडालेल्या मेसेजला कुठून आणणार प्रमाणपत्र?

याहून अवघड आक्षेप वेगळाच आहे, आणि तो साइटवरचे लोक हळू आवाजात सांगतात. नोंद कुणाला हवीय? मालकाला अर्धे पैसे रोखीत द्यायचे असतात. कंत्राटदाराला पीएफ, ईएसआयच्या भानगडीत पडायचं नसतं. मुकादमाला हजेरीत दोन नावं जास्त लावायची असतात. कच्ची चिठ्ठी सगळ्यांच्या सोयीची आहे... पैसे बुडेपर्यंत. यावर माझ्याकडे छान उत्तर नाही. एवढंच दिसतं की या सोयीची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. मालकाचा बंगला उभा राहतो, कंत्राटदाराचे पैसे राहतात, आणि मजुराचं तर अस्तित्वच. बांधकाम कामगार मंडळात नाव घालायला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. चार साइट बदललेला बिगारी तो दाखला कुणाकडे मागणार? बांधकाम खर्चाचा एक टक्का उपकर त्याच्या नावाने गोळा होतो आणि त्याच्यापर्यंत तो अशा एका कागदासाठी पोचत नाही. हजेरी कंत्राटदाराच्या फोनमध्ये नीट असेल तर तो दाखला द्यायला दोन मिनिटं पुरतात.

म्हणून वही कुणाची हा मुद्दा मला तंत्रज्ञानापेक्षा मोठा वाटतो. ती कंत्राटदाराची स्वतःची असली पाहिजे, त्याच्या फोनवर, त्याच्या परवानगीशिवाय डेव्हलपरला न दिसणारी. त्याने हवं तेवढं पान फाडून द्यावं. आणि मजुराला त्याची हजेरी रोज मेसेजने मिळावी, म्हणजे वही एकतर्फी राहणार नाही. असं काही बनवायला मोठी कंपनी लागत नाही. आपल्यासारखे चार-पाच जण वीकेंडला बसले तर पहिली आवृत्ती होऊ शकते. विकायला मात्र अवघड, कारण ज्याला याचा उपयोग त्याच्याकडे पैसे नाहीत आणि ज्याच्याकडे पैसे त्याला हे नकोय. लोणावळ्यातली किंवा मावळातली एखादी पतसंस्था यात पडली तर जमेल असं मला वाटतं. ज्या कंत्राटदाराच्या नोंदी तारीखवार आहेत त्याला बिलाच्या भरवशावर कर्ज देणं तिलाही सोपं, आणि शेकडा दोनपेक्षा स्वस्त पडलं तर तो आपणहून वही लिहील.

आणि हो, हे वाचणाऱ्यांपैकी काही जण स्वतःच मालक आहेत किंवा होणार आहेत. तिकडे प्लॉट घेऊन ठेवलेले माझ्याच ऑफिसात तिघं आहेत. तुम्हाला तर कुठलंही एआय लागत नाही. रविवारी साइटवर काही बदल सांगितला की सोमवारी तो लिहून पाठवा, आणि शेवटचा हप्ता ‘जरा बघू’ म्हणून अडवू नका.

कंत्राटदारांसाठी सुरुवात करायची खरी वेळ पावसाळा. कुसगावात जून ते सप्टेंबर बाहेरचं काम जवळपास ठप्पच असतं (२०२५ मध्ये तर मान्सून २६ मे लाच मुंबई-पुण्यात दाखल झाला आणि कितीतरी स्लॅब राहून गेले). तेव्हा नवीन कामावर प्रयोग नको. गेल्या हंगामातल्या एकाच साइटचे व्हॉइस मेसेज, चलनांचे फोटो आणि जुनी वही घ्यावी, दोन संध्याकाळी बसून दिवाणजीकडून फक्त जादा कामांची यादी काढून घ्यावी आणि ती दिलेल्या बिलाशेजारी ठेवावी. यादीतली जी कामं बिलात आलीच नाहीत त्यांची बेरीज मांडली की या दिवाणजीवर खर्च करायचा की नाही, ते कंत्राटदाराला दुसऱ्या कुणी सांगावं लागणार नाही.